गाडीखालची चकाकी

६ एप्रिल
नानांच्या गाडीचा गिअरबॉक्स आज जोडून बंद केला. बेअरिंगं नवी, ऑइल अडवणारी सिलं नवी, दुसऱ्या गिअरची रिंग भुसावळच्या भंगारातून शोधून आणलेली. नाना गेल्यापासून गाडी गॅरेजमागे निंबाखाली ताडपत्रीत. सगळ्या नशिराबादच्या गाड्या उठवतो आणि बापाची बसवून ठेवतो, असं सु. येताजाता ऐकवायची. बायकोच ती. आता ऐकव म्हणावं.
मायला सांगून टाकलं, अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, दोंडाईच्याला याच गाडीतून. नाना दर वर्षी माहेरी न्यायचे तसंच, पुढच्या सीटवर. दुपारी तिची ठेवणीतली हिरवी साडी दोरीवर उन्हात दिसली.

९ एप्रिल
गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच, केसिंग, घासून, बफ मारून झालं. ॲल्युमिनियम इतकं उजळलं की त्यात बघून दाढी करावी. मेकॅनिकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. अंगठेच अंगठे. धुळ्याचा एक जण म्हणतो, वरून लॅकरचा पारदर्शक थर मार, नाहीतर महिन्याभरात काळं पडेल. खरं आहे. उघडं ॲल्युमिनियम घामेजला हात लागला तरी डाग धरतं.
माय बघून गेली. "भलतं चमकाडं रे भाऊ. पन गाडीना खाले कोन देखस?"
म्हटलं, मी देखस. हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली.

१२ एप्रिल
लॅकर मारलं. मागच्या खोलीत पाणी शिंपडलं, दाराला ओली पोती, म्हणजे धूळ बसून राहते. केसिंग लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलं. ऑइलच्या बुचावर टेप, हवेच्या भोकावर टेप. ते भोक बुजलं तर आतली तापलेली हवा सिलातून वाट काढते. थिनरनं पुसल्यावर स्वतःचाही हात लावला नाही. दोन हात मारले, काचेसारखे बसले.
उद्यापर्यंत कुणी आत जायचं नाही, असं घरात बजावलं.

१३ एप्रिल
लिहू नये असं वाटतंय.
सकाळी दार उघडलं तर गिअरबॉक्सवर कुंकवाचं स्वस्तिक. हळद, तांदूळ, नारळाच्या पाण्याचा ओघळ. सगळं ओलसर लॅकरमध्ये रुतलेलं. माय तबक घेऊन उभी, चेहऱ्यावर कौतुक. मी बजावलं तेव्हा ती देवळात होती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.
तेव्हा काहीच लक्षात आलं नाही. नाकावर राग, आणि तोंडाला कुलूप नाही. अडाणी म्हणालो. अजूनही काही म्हणालो, ते इथं लिहीत नाही.
"कुंकू लावानं राही गयथं," ती म्हणाली. "तुना नाना खाले..."
पुढचं बोलूच दिलं नाही. थिनरचा बोळा घेतला आणि तिच्यासमोर ते स्वस्तिक पुसलं. लॅकरही निघालं, लाल चिखल झाला. ती बघत होती. मग तबक घेऊन गेली.
निदान ती गेल्यावर पुसायचं होतं. लाज वाटते.

१४ एप्रिल
वरची बाजू पाण्याच्या पॉलिश पेपरनं परत घासली. मग सगळ्या केसिंगला सगळीकडून लॅकरचा अजून एक हात. आधीपेक्षा सरस झालं. फोटो काढला नाही.
माय बोलते. मीठ दे म्हणते, पंखा कमी कर म्हणते. रुसली असती तर समजूत घालता आली असती.

१७ एप्रिल
गिअरबॉक्स चढवला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. असोद्यापर्यंत जाऊन आलो, केळीच्या मळ्यांतून दोन्ही काचा उघड्या टाकून. दुसरा गिअर लोण्यासारखा पडतो. खाली थेंब नाही.
धावत सांगायला गेलो तर माय पिशवी भरत होती. रेल्वेनं जाणार म्हणे. मी म्हटलं, अगं गाडी कुणासाठी केली मग?
"मन्हा हात लागी ते डाग पडी, भाऊ."
रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ जास्त पडलंय, असं सांगावं तसं.
माफी माग, एवढंच करायचं होतं. मी म्हटलं, तुझी मर्जी.

१९ एप्रिल, अखाजी
काल गेली. शेजारच्या रिक्षातून स्टेशनवर. मी बोनेटमध्ये डोकं घालून काहीतरी करतोय असं दाखवत होतो. बोनेटमध्ये करण्यासारखं काही नव्हतं.
आज नानांच्या नावानं घागर पुजली. सांजोऱ्या झाल्या, ताटात तशाच राहिल्या. सु. म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर दोन सुंभ.
दोंडाईच्याला फोन लावला. मामानं उचलला. "तुनी माय झोकावर बठेल शे," म्हणाला. मागे बायकांची गाणी ऐकू येत होती. बोलव म्हटलं. बोलवलं असणार. आली नाही.

२४ एप्रिल
नवा गिअरबॉक्स, एकदा खालून बघावा म्हणून जॅक लावून गाडीखाली गेलो. गळती नाही. टॉर्च फिरवला तर ऑइलच्या बुचाशेजारी कुंकवाचं बोट.
एकच. करंगळीजवळच्या बोटाचं. रेषासुद्धा दिसतात. नखानं खरवडलं, निघालं नाही. वरचं पुसलं होतं मी, खाली बघितलंच नव्हतं, आणि लॅकरचा शेवटचा हात त्याच्यावरूनच मारला होता.
मग आठवलं. नाना कुठलंही यंत्र जोडून बंद केलं की बुचाजवळ खालून एक बोट कुंकू लावायचे. गळू नये म्हणून. मी तोडलेलं मायचं वाक्य हे होतं.
सु. जेवायला हाका मारत होती. उठवेना. डोळ्यांत ऑइल गेलं म्हणून सांगितलं. ऑइलचा तर थेंब नव्हता.

२५ एप्रिल
उद्या दोंडाईचा. पाण्याचा कॅन, जॅक, टॉर्च गाडीत टाकले.
मायला गाडीखाली झोपवता यायचं नाही, गुडघे तसे नाहीत तिचे. म्हणून तिचा वेणीफणीचा आरसा खिळ्यावरून काढला. खाली धरला, टॉर्च मारला, की उभ्यानं तिला तिचं ते बोट दिसेल. आत्ताच करून बघितलं. दिसतं.
सु. म्हणाली, आरसा कशाला? सांगितलं. हसायला लागली, मग पदरानं आरसा पुसून दिला.
फोन केला नाही. केला तर येऊ नको म्हणेल.
माफी आधी मागायची. आरसा नंतर.
आली तर पुढची सीट झाडून ठेवली आहे. नाही आली तर आरसा तिथंच देऊन येईन. वेणी घालायला लागतोच तिला.