सिनेमा कसा होता

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

परवाच भेट झाली असताना पत्र कशाला, असं पाकीट बघून वाटलं असेल. घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे, त्याबद्दल बोलणं तेवढं कमी झालंय. आमच्या नातीचा, म्हणजे तुमच्या चिमणीचा, एक मोजा कपाटाखाली सापडला. धुऊन ठेवलाय.

रविवारी संध्याकाळी तुम्ही तिला न्यायला आलात तेव्हा मला विचारलंत, सिनेमा कसा होता. मी "बरा होता" म्हणाले आणि चहा गाळायला आत गेले. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून लिहिते. समोर बसून मला फारसं बोलता येत नाही, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलंच आहे.

मला सिनेमातलं काही कळतं असं नाही. दुपारी टीव्हीवर जुने लागतात ते मी भाजी निवडता निवडता बघते. त्यांतली माणसं रडतात छान, पण आजारी पडणं त्यांना मुळीच जमत नाही. मी जन्मभर रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम केलं. रिपोर्ट हातात घेऊन, चष्मा काढून, खिडकीबाहेर बघत बसणारा एकही डॉक्टर मला तिथे भेटला नाही. आणि मरणाऱ्या बायका बोलतात किती. नवऱ्याचा हात कुणाच्या तरी हातात देतात, मूल कुणाच्या तरी ओटीत घालतात, सगळी निरवानिरव झाली की मग मान टाकतात. तोवर श्वास कसा पुरतो, देव जाणे.

मागे राहिलेल्या नवऱ्याची तर फारच पंचाईत. एक तर त्याने दाढी वाढवून फोटोसमोर बसायचं, नाहीतर दुसरी आणायची. दुसरी आली की पुढच्याच प्रसंगात पोर जिन्यावरून पडलं म्हणून समजा.

नवे सिनेमे त्या मानाने बरे. आवाज फार असतो, आणि सगळे अंधारात बसून बोलतात, उठून दिवा का लावत नाहीत कोण जाणे. पण त्यांतली माणसं आपला चहा आपण करून घेतात, आणि कुणी गेलं तरी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला दार उघडतात. ते मला खरं वाटतं.

रविवारी बघितला तो नवाच. तुम्हाला मी नाव सांगितलं ते शेजारच्या पडद्यावरच्या सिनेमाचं. चिमणीला ह्यांच्यापाशी ठेवून मी गेले होते तो सामान हलवणाऱ्या हमालांचा. ते चौथ्या मजल्याचं अख्खं घर चुकून पाचव्यावर लावून ठेवतात, पडद्यांसकट. पाचव्यावरची म्हातारी गावाहून परत येते, दारात उभी राहून सगळीकडे बघते आणि म्हणते, "चला, आता कुठे घराला घरपण आलं."

त्या वाक्याला माझ्या पुढे, जरा डावीकडे, कुणीतरी हसलं. आधी काहीच आवाज नाही. आणि मग एकदम शिट्टी.

तुमच्या हसण्याला आमच्या घरात कुकर म्हणतात. नाव लेकीनेच ठेवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आई, माणूस चांगला आहे. फक्त हसला की गॅस बंद करायला धावू नकोस." ती गेल्यापासून तो कुकर मी ऐकला नव्हता. मान वळवून बघायची गरजही पडली नाही.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मी पदर सारखा करायच्या निमित्ताने खाली वाकले. तुम्ही लाह्यांचे दोन पुडे घेऊन आलात. शेजारी बसलेल्या बाईंनी तुमच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि आपल्या पुड्यातल्या थोड्या लाह्या तुमच्यात ओतल्या. चष्मा लावतात. विनोद त्यांना जरा उशिरा कळतो असं दिसलं, सगळं थिएटर गप्प झालं की मग हसतात. बरं आहे. आमची विनोद संपायच्या आधीच हसायची आणि शेजारच्याला शेवट सांगून मोकळी व्हायची.

मी तेव्हाच उठणार होते. उठले नाही. मागच्या रांगेत जाऊन बसले. दुसरा भाग काय झाला ते विचाराल तर सांगता यायचं नाही, मी शिट्टी परत होते का याचीच वाट बघत होते. झाली. मग मागच्या दाराने निघून तुमच्या आधी घरी पोचले. तुम्ही आलात, गोदामातली मालाची मोजणी कशी कंटाळवाणी होती ते सांगितलंत, आणि मी तुमच्या चहात साखर दोनदा घातली. तुम्ही तो निमूटपणे प्यायलात.

काल सकाळी ह्यांना सांगितलं. दाढी करत होते. हात थांबला.

"हसत होते म्हणतेस?"

"हो."

"मोठ्याने?"

"कुकर."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि राहिलेला गाल करायला घेतला. संध्याकाळी मात्र त्या नव्या सिनेमाची वेळ विचारत होते. तीन तास अंधारात बसायला पैसे कोण देतं, म्हणणारा माणूस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. सिनेमातल्या बायका सांगून जातात. आमच्या लेकीला तेवढा वेळच मिळाला नाही. सकाळी किल्ल्या शोधत होती, दुपारी नव्हती. तिने तुम्हाला हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मला वाटतं तुम्ही तिथेच अडून बसला आहात, आणि मालाची मोजणी त्यातूनच आली. तर तिचं राहिलेलं कुणीतरी पुरं करायला हवं. तिची अर्धवट टाकलेली कामं लहानपणापासून मीच पुरी करत आलेय. म्हणून मी सांगते. त्यांच्याशी लग्न करावंसं वाटत असेल तर करा. माझं हो आहे. ह्यांचंही.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. त्या सिनेमांत दुसरं लग्न झालं की मुलाच्या आईची आई कुठे जाते, ते कधीच दाखवत नाहीत. तिला कुणी हाकलत नाही. नुसती दिसेनाशी होते, आणि बघणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. माझं तसं होऊ देऊ नका. चिमणीचे रविवार मला हवेत. सगळे नकोत, तुम्हा तिघांनाही एकत्र हिंडायला दिवस लागतील. पण काही हवेत. ही अट नाही. पहिल्याला हो मी म्हणूनच बसले आहे, हे नुसतं मागते आहे.

येत्या रविवारी तिला सोडायला याल तेव्हा कारण सांगू नका. सोडा आणि जा. किंवा तिघंही या, आणि त्यांना चहात साखर किती लागते तेवढं आधी कळवा.

अजूनही तुमची,
सासू