ओहोळाकाठची आवळी

१ नोव्हेंबर १९८१, रविवार
आज पुन्हा तोच विषय. ही म्हणते, यंदाचं आवळीभोजन माझ्या माहेरच्या ओहोळावरच. आषाढात हृदयविकाराचा झटका येऊन दवाखान्यात पडली होती, तेव्हाच बोलून बसली, "घरी गेले तर सगळ्यांना त्या आवळीखाली जेवू घालीन." मला वाटलं, दुखण्यातलं बोलणं, विसरेल. विसरली नाही. पेठच्या रस्त्याला गाडीतून उतरायचं आणि ओहोळाच्या कडेकडेनं आत. म्हणजे डोंगर आलाच. जेवण गेलं नाही.

२ नोव्हें., सोम.
डॉ.ना विचारलं. म्हणाले, सपाटीवर हळूहळू चालू द्या, मधे मधे बसवा, चढ नको. मी म्हटलं, ओहोळाकाठची वाट सपाट धरायची की चढ? हसले. "आजोबा, ते तुम्हीच बघून या."
बरोबरच आहे.

३ नोव्हें., मंगळ.
मुलाची, दत्तूची, ओझरला कारखान्यात सकाळपाळी, म्हणून एकटाच गेलो. हिला सांगितलं, झेंडूचं बी बघायला जातो.
वाट चांगली. पाणी घोट्याएवढं, दोनदा ओलांडावं लागतं. दगड शेवाळलेले. दुसऱ्यांदा ओलांडलं की थोडा चढ. थोडाच. पण मला धाप लागली, तर हिचं काय? एक शेळ्या राखणारी बाई भेटली. "लय सोपी वाट हाय बाबा. आमच्या गरवार बाया हंडे घेऊन जात्यात." त्यांची गोष्ट वेगळी.
आवळी आहे. लगडलेली. तिच्याखाली जरा बसलो. वारा छान होता. हिला आवडेल हे कळलं, त्यानं काळजी वाढलीच.

५ नोव्हें., गुरु.
युक्ती सुचली. भटजींना विचारलं, झाड नसलं तर फांदी पुजून जेवलं तर? म्हणाले, चालतं. गाडी थांबते तिथं ओहोळाला लागूनच एक करंज आहे. त्याला आवळीची फांदी बांधायची, खाली सतरंजी. चालणं नावाला.
दत्तू म्हणाला, "बाबा, आईला कळणार नाही असं वाटतं तुम्हाला?" सून तोंडाला पदर लावून हसली. शोभाला यात हसण्यासारखं काय दिसलं कोण जाणे.

७ नोव्हें., शनि.
शेजारच्या मळ्यातून फांदी आणली, मोरीत बादलीत लपवली. हिनं पाहिलीच.
"अहो, हे काय?"
सांगावं लागलं. आधी खूप हसली. "करंजाला आवळे लावणारे माळी तुम्ही पहिलेच!" मग डोळे पुसले. म्हणाली, दवाखान्यात समोर नुसती भिंत होती, रोज डोळे मिटून ती वाट चालायचे. पाण्यात पाय घालायचे तेव्हा कुठं झोप लागायची.
मी म्हटलं, आणि काही झालं तर?
"तर तुम्ही असालच की शेजारी."
थोड्या वेळानं हिनं आतून विचारलं, "दशम्या गुळाच्या करू की साध्या?" गुळाच्या म्हणालो.

८ नोव्हें., रवि. ओहोळावरून
पेन्सिलनं लिहितो आहे.
पहिल्यांदा पाणी ओलांडताना हिचा हात घट्ट धरला होता. ही नीट गेली. शेवाळावरून घसरलो मी. धोतर भिजलं, घोटा मुरगळला. सगळे हसले, मीही. आता पाय टेकवत नाही. दत्तू म्हणाला, परत फिरू. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात हिच्या तोंडाकडे पाहिलं. आवळीच्या दिशेनं बघत उभी होती.
म्हणालो, तुम्ही व्हा पुढं. दत्तूला सांगितलं, चढाला हात सोडू नको. शोभाच्या पिशवीत जिभेखालची गोळी आहे का, ते पुन्हा पाहून घेतलं. नात मनीला म्हटलं, आजीला घाई करू नको.
ही जवळ आली, भिजलेलं धोतर पिळून दिलं. "तुमचं ताट इथं पाठवते. तोवर वहीत काळजी करत बसा."
गेली. हिरवं लुगडं बांबूंच्या आड होईस्तोवर पाहिलं. मागं वळली नाही.
मगाशी वरून मनीचा आवाज आला, "आजी, बस इथं!" त्यानंतर नुसतं पाणी. हाक मारली, पण पाण्यापुढं माझा आवाज कुठला पोचायला. दमून बसली की पोचून बसली, इथून कळत नाही.