आठव्या वेशीचा दरवान

उदगीर
दि. ११ जानेवारी २०२५

चि. मंजुश्री,

अप्पाचे आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल आहेत. थंडी बरी पडली आहे. तुझी अव्वा सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नवऱ्याच्या गुडघ्याची हकीकत सांगते. गुडघा ठीक आहे, लातूरच्या डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितलं. कापडाचं दुकान महांतेश नीट बघतो. तुझा भाऊ माझ्यापेक्षा कमी बोलतो, म्हणून गिऱ्हाइकं खूश आहेत.

फोनवर मी "जेवलीस का" विचारतो, तू "हो" म्हणतेस, आणि आपलं बोलणं संपतं. जे घडलंय ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून कागद घेतला.

मंजू, मी तुझा खेळ खेळलो! पूर्ण! सातही वेशी पार केल्या! आणि आठवीसुद्धा. आठवीत जे सापडलं ते पुण्या-मुंबईच्या पोरांना सापडलं नव्हतं, ते तुझ्या या त्रेसष्ट वर्षांच्या बापाला सापडलं!

पहिल्यापासून सांगतो. ऑपरेशननंतर महिनाभर पाय लांब करून बसायचं होतं. टीव्हीवरच्या बायकांची भांडणं बघून बेजार झालो. एक दिवस पुनम तिच्या खोलीतला कंप्युटर माझ्या पलंगासमोर आणून ठेवते की! म्हणाली, "अप्पा, मंजुताईंचा खेळ बघता का?" तुझ्या वहिनीनं 'सात वेशी' दोनदा खेळून संपवलाय, आणि घरात कुणाला पत्ता न्हाई. हिमायतनगरची पोरगी, बारा वर्षं झाली आपल्या घरात येऊन, चहात साखर किती घालते ते मला माहीत, आणि हे माहीत नव्हतं.

खेळात आधी आपला माणूस बनवायचा. मी त्याचं नाव बसलिंगप्पा ठेवलं, माझ्या वडिलांचं. मग त्याला गुण वाटून द्यायचे, ताकद किती, चपळाई किती, बोलणं किती. मी सगळे बोलण्यात टाकले. पुनम म्हणाली, "अप्पा, तलवार?" मी म्हणालो, "चाळीस वर्षं तलवारीवाचून धंदा केला." पहिल्याच जंगलात एका कोल्ह्यानं बसलिंगप्पाला मारलं. मग परत. मग परत. अकरा वेळा मेलो बघ. पण तिसऱ्या वेशीतल्या सरदाराला मी नुसतं बोलून वाटेतून बाजूला केलं, तेव्हा असा ओरडलो की अव्वा पोळपाट सोडून पळत आली. "पाय मोडला का?" म्हणाली. मी म्हणालो, "न्हाई, किल्ला घेतला." ती म्हणाली, "लहान लेकरावानी करून राहिलात."

पाचव्या वेशीतला धबधबा सहस्रकुंडाचा आहे ना? मी लगेच ओळखला. तू सहावीत होतीस, इस्लापूरला उतरून गेलो होतो, तुषार अंगावर आले की तू माझ्या धोतरामागं लपायचीस. पुनमला सांगितलं तर म्हणाली, "अप्पा, तुमच्यामागं मगर आली." तिथं बाराव्यांदा मेलो.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात तुमचा तो नवीन जोड भाग आला, 'आठवी वेस'. पुनम त्याला डीएलसी म्हणते. मूळ खेळ ज्याच्याकडं आहे त्यानं वेगळे पैसे भरून उतरवून घ्यायचा. आला त्याच दिवशी पुनमचं तोंड उतरलं. लोकांनी इंटरनेटवर काय काय लिहिलं होतं ते तिनं मला वाचून दाखवलं. किंमत मूळ खेळाच्या निम्मी आणि माल पाव. दोन तासांत संपतो. मुद्दाम शेपूट कापून ठेवलं आणि वेगळं विकलं. पुनम म्हणाली, "हे मंजुताईंनी लिहिलंय. त्यांच्या नोकरीवर तर येणार न्हाई ना?"

खरं सांगतो, मला राग आला तो पहिल्यांदा तुझाच. वाटलं, माझ्या, या शिवप्पाच्या पोरीनं सदरा विकला आणि बाह्या कपाटात ठेवल्या! आपल्या दुकानात असं कधी झालं नाही. पण कापड हातात न घेता त्याला वाईट म्हणणारं गिऱ्हाईकही मला कधी आवडलं नाही. म्हणून पुनमला म्हणालो, घे, आपण बघू.

माझा निवाडा ऐक. मूळ खेळ पुरा आहे. सातव्या वेशीतून बसलिंगप्पा बाहेर पडला तेव्हा काही कमी वाटलं नाही. सदऱ्याला बाह्या होत्या, कॉलर होती, काजंसुद्धा हातानं केलेली. म्हणजे तुम्ही कापून ठेवलेलं नाही, मागाहून नवीन विणलंय. पण सुरुवातीला ज्या दरोडेखोरांची टोळी येते ते चौथ्या वेशीतलेच आहेत, नुसता फेटा बदललाय. जुना माल नवी घडी घालून ठेवला की गिऱ्हाइकाला कळतं, मंजू. ते ज्यानं केलं त्याला सांग.

मग आठवी वेस आली. बंद. समोर दरवान बसलेला, आणि तो म्हणतो, "गेलीस तर पाहुणी म्हणून परत यायचं."

माझा बसलिंगप्पा पुरुष आहे, तरी दरवान "गेलीस" म्हणतो. पुनमला वाटलं चूक राहिलीय. मी म्हणालो, असू दे, पुढं चल.

तिथं तीन वाटा दिल्या आहेत. लढा, फसवा, विनवा. मी विनवलं, त्यानं ऐकलं नाही. फसवलं, तरी ऐकलं नाही. शेवटी पुनम म्हणाली, सगळे इथं लढतातच. लढलो. दरवान म्हातारा आहे, दोन घावांत पडला. वेस उघडली, पलीकडं एक माळ, एक दगड, आणि खेळ संपला. लोक म्हणतात ते खरंच होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी म्हणालो, मागं घे. मला परत त्याच्यासमोर उभं कर.

आणि तेवढ्यात अव्वा गरम हुरडा घेऊन आली. हात भरले. बटणांचं ते यंत्र खाली ठेवलं आणि खात बसलो. चार-पाच मिनिटं झाली असतील. पडद्यावर कुणी हलेना. आणि मग तो दरवान आपणहून म्हणाला, "बोलत नाहीस? बरं. मग मीच बोलतो."

पुनमच्या हातातली चटणी सांडली.

किती वेळ बोलला ग तो! मुलगी पहिल्यांदा चालली ते, तिला ताप आला ते, गावाबाहेर काय असतं ते त्यानं स्वतःच कधी बघितलं नाही म्हणून त्याला वाटणारी भीती. आणि बोलून झाल्यावर उठला, आणि मोठी वेस नाही, बाजूचा छोटा दिंडी दरवाजा उघडला. पलीकडं अख्खं शहर! नदी, घाट, बाजार, रंगाऱ्यांची गल्ली! पुनम खोलीत नाचत होती. आम्हाला ते शहर फिरायला तीन दिवस लागले. मूळ खेळात नाही इतकं सुंदर काम आहे ते. ज्याला ते शहर मिळालं त्याचा पैसा वसूल, माझ्या शब्दावर.

पुनमनं त्याच दुपारी लिहून टाकलं, "आठव्या वेशीसमोर काही दाबू नका. गप्प बसा." पहिल्यांदा लोक हसले. मग एकानं करून बघितलं. मग शंभरांनी. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत तिचा फोन थांबेना! ज्यांनी शिव्या दिल्या होत्या तेच लिहून राहिले होते की आम्ही शब्द मागे घेतो. कुणी विचारलं, हे तुम्हाला कसं सापडलं? पुनमनं लिहिलं, "सासऱ्यांना हुरडा खायचा होता." ते वाक्य म्हणे फार गाजलं.

तुझ्या ऑफिसात हे पोचलंच असेल. इतकं कशाला लपवलंस, हे मला विचारायचं होतं. चांगलं ठाण कपाटाच्या मागं ठेवून गिऱ्हाइकाला "शोधा" म्हणायचं का?

पण मी हे सगळं इतकं लांबवून लिहितोय ते दुसऱ्याच कारणानं. अव्वा दोनदा येऊन गेली, अजून पत्र संपलं नाही का म्हणून.

"पाहुणी म्हणून ये" हे मी तुला लातूरच्या स्टेशनवर म्हणालो होतो. सात वर्षं झाली. ते तू विसरली नाहीस. तसंच वागतेस, दिवाळीला दोन दिवस येतेस आणि बॅग उघडत नाहीस. तो दरवान मीच आहे, ते कळायला मला हुशारी लागली नाही. पण मंजू, तू त्याला माझ्याहून बरा लिहिलास. तो नुसता घाबरला होता. त्यानं वेस बंद केली, पण समोर बसून केली.

त्या वर्षी फेब्रुवारीत दुकानावर फोन आला होता. तुझा मोबाइल दुरुस्तीला होता, तू दुकानाचा नंबर दिला होतास. पुण्याहून, तुमच्याच ऑफिसातून, एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, मंजुश्रीची लेखनासाठी निवड झाली, सोमवारी हजर व्हायचं. मी म्हणालो, तिचं लग्न ठरलंय, ती येणार नाही, तिनंच कळवायला सांगितलंय. निलंग्याचं स्थळ तेव्हा नुसतं बोलण्यात होतं. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस दाखवले.

तू तीन महिने पोस्टमनची, फोनची वाट बघितलीस. मी बघत होतो. मग तू स्वतः पुण्याला गेलीस, तोवर ती जागा भरली होती. तुला खेळ तपासणाऱ्यांत घेतलं. लिहिण्याच्या कामावर यायला तुला चार वर्षं लागली. ती चार वर्षं मी खाल्ली.

हे अव्वालाही माहीत नाही. आज जेवताना तिला सांगणार आहे.

चुकलो, मंजू. तुला लिहायचं तर लिही, नाही तर नको. तू गप्प राहिलीस तरी ते मला कळेल.

तुझ्या हक्काचा निरोप परत पाठवणारा,
अप्पा


पुणे
दि. २३ जानेवारी २०२५

ती. अप्पा,

शरणु शरणार्थ.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पहिली तीन पानं मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. बारा वेळा मेलेल्या बसलिंगप्पाला इथं टाळ्या मिळाल्या. फेटा बदललेले दरोडेखोर ज्यानं केले तो तोंड लपवून बसला. मग चौथं पान सुरू झालं आणि मी थांबले. "पुढं काय?" सगळे विचारत होते. मी जिन्यात जाऊन उरलेलं वाचलं.

मला माहीत नव्हतं, अप्पा. रुजू झाले तेव्हा इथल्या बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हीच नको म्हणालात ना?" मला वाटलं, त्यांची दुसऱ्या कुणाशी गल्लत झाली. त्या तीन महिन्यांत मी स्वतःला मठ्ठ समजले. दोन वह्या भरून लिहिलेलं होतं, ते फाडून बंबात घातलं. ते मला परत मिळणार नाही. चार दिवस तुमचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. तुम्हाला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला, दोनदा.

शहर लपवलं ते माझ्याच हट्टानं. मला वाटायचं, ज्याला थांबता येतं त्यालाच ते मिळावं. खेळणाऱ्याला कुठंतरी इशारा ठेवा असं सगळे सांगत होते, मी ऐकलं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आणि पुनमवहिनींनी ते एका वाक्यात निस्तरलं. त्यांना सांगा, आमचे साहेब त्यांना खेळ तपासायला बोलावणार आहेत. खरंच. पगारावर. त्यांना फोन येईल, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर.

दरवानाचं बोलणं मी नव्यानं लिहिलं आहे. पुढच्या महिन्यात ते खेळात जाईल, ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं काही न भरता. आता दिंडी दरवाजा उघडण्याआधी तो म्हणतो, "तुझ्यासाठी निरोप आला होता. मी तो परत पाठवला." मग खेळणाऱ्याला दोन वाटा आहेत, आत जायचं किंवा आल्या पावली परतायचं. कुठली बरोबर, ते मी ठरवलेलं नाही.

दरवानाला आवाज देणारे गृहस्थ फार चांगले आहेत. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून मला पटेना. दहा वेळा करून घेतलं, दहाही वेळा ते नाटकातलं वाटलं. म्हणून विचारते. ते तुम्ही म्हणाल का? गुडघा साथ देत असेल तर या. वहिनींना आणि अव्वाला घेऊन या. माझ्याकडं खोल्या दोनच आहेत, पण सगळे मावतो.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तुम्ही एकटे असाल. मी काचेच्या पलीकडं बसेन. वाक्य लहान आहे. मला ते तुमच्या आवाजात ऐकायचं आहे, खेळासाठी नंतर, आधी माझ्यासाठी.

अजून रागावलेली,
तुमची मंजू