साहेबाला दया आली नव्हती, आबा

आबा,

तुम्ही गेलात, आणि काल तुमच्या पुण्यानुमोदनाला मुरुडच्या समाजमंदिरात जो तो उठून एकच बोलत होता, "त्या काळात पोरीला इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं! असा बाप न्हाई." मी पहिल्या रांगेत दात आवळून बसले होते. राहवेना, म्हणून लिहितेय. तुम्ही कुठं केलंत हो मला एम. ए.?

नांदेडच्या वसतिगृहाच्या फॉर्मवर तुम्ही सही केली नाहीत. "डी. एड. कर, मास्तरीण हो. गोष्टी घरी बसून बी वाचता येतात," म्हणालात. आईनं अंगठा उठवला. तो अंगठा काल कुणालाच आठवला नाही!

आणि तलावाचं? ते तर तुम्हीच पुसून टाकलंत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस नव्हता, आई दुष्काळी कामावर तलावाची माती वाहायची. एक दिवस काम बंद. कारकून म्हणाला, "वरून इंग्रजीत हुकूम आलाय. काम संपलं." मी सुट्टीत घरी होते. कामावरच्या बायका निघाल्या, तुम्हीही निघालात, तुमच्यामागं मीही नव्या जिल्हा कचेरीत गेले आणि तो कागद मागून घेऊन वाचला. त्यात लिहिलं होतं, मजूर येत नाहीत म्हणून काम बंद!

आबा, इंग्रजी त्या कारकुनालाही येत होतं. मी वर्गात वर्षभर दुसरंच शिकत होते. गोष्ट कोण सांगतोय? कुणाला बोलूच देत नाहीये? तेच मी कचेरीतल्या साहेबाला विचारलं, "मजूर येत नाहीत, हे कोण म्हणतंय? मजुरांना विचारलं कुणी?"

"तू वकील आहेस का?" साहेब हसला.

"नाही. साहित्य शिकते."

तुम्ही माझा दंड धरून ओढलंत. "गप ऱ्हा! साहेब हायेत ते."

बाहेर लिंबाखाली मी एकेका बाईला बोलतं केलं. कोण कुठून चालत येते, मुकादमानं काय बोलून हाकललं, सगळं नावानिशी इंग्रजीत उतरवलं. साहेबानं ते दोनदा वाचलं. आठवड्यात काम सुरू झालं.

गावात तुम्ही काय सांगितलंत? "साहेबाला दया आली." दया! आईनं हातातलं टोपलं खाली आपटलं होतं.

कसली भीती होती तुम्हाला? पोरगी बोलायला लागली याची? की जन्मभर ज्यांच्यापुढं वाकलात, ती साधी माणसंच निघाली याची?

दवाखान्यात मी अकरा दिवस तुमच्या उशाशी होते. तुम्ही पाणी मागितलंत, खिडकी लावायला सांगितलीत. "शकू, ते तू केलंस," एवढं म्हणायला किती दम लागला असता?

धड रडूही येत नाही. राग आडवा येतो.

जूनमध्ये कॉलेजात माझ्याकडे साहित्याचा नवा वर्ग येईल. कुणाचा बाप दारात उभा राहून "हे शिकून काय मिळणार?" म्हणाला, तर आता गोड बोलून त्याला वाटेला लावणार नाही. खुर्ची देईन आणि त्याच्या पोरीला त्याच्यासमोर बोलायला लावीन. तिचं बोलून होईपर्यंत त्याला उठू देणार नाही. हे वचन.

तुमची,
शकू