दाराबाहेरून पोथी

पौष शु. ३, सोमवार
आज सकाळी विहिरीवरून येताना तात्या शिंपी समोरून आला. मी नजर खाली घातली आणि ओठ हलवू लागलो, जणू जप चालला आहे. जप चालला नव्हता. तो "राम राम, अण्णा" म्हणून पुढे गेला. मग लोहाराच्या झोपडीतून हसण्याचा आवाज. गाठीच्या तापात माणूस हसतो कसा?
प्लेगमुळे धार शहर सोडून नालछ्याच्या वाटेवरच्या या माळावर राहायला येऊन अठरा दिवस झाले. धारेत अजून उंदीर मरून पडतात म्हणे. परत कधी जायचे, त्याचा हुकूम नाही.

पौष शु. ४, मंगळ.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे आजाऱ्यांच्या पाच झोपड्यांपुढे पोथी वाचली. सोवळे नेसून दारापासून सात-आठ हात दूर उभा राहतो. आत शिवाशीव होते, म्हणून. लोक हात जोडतात. आज लोहाराच्या दारी अध्याय अर्ध्यावर असताना आतून लोहार म्हणाला, "तात्या नाही आले का अजून?"
अध्याय पुरा केला. कसा, ते देवाला ठाऊक.
बागलीकडच्या खेड्यात पंतोजींच्या छड्या खाऊन मी अक्षर शिकलो. वीस वर्षे लोक माझ्या तोंडून पोथी ऐकताहेत. या तात्याला सहीही करता येत नाही.

पौष शु. ७, शुक्र.
तात्या काय करतो ते आज मुद्दाम आडून पाहिले. विशेष काही नाही. उशाशी बसतो, पाणी पाजतो, कोणाचे फाटके शिवतो, आणि बडबड. लोहाराला म्हणत होता, "अरे भिया, माझ्या भावा, घाबरतोस काय! प्लेग काय तुझा जावई आहे, महिनाभर मुक्काम करायला? जाईल निघून. तोवर ही पेज घे." एवढ्यावर लोहार पेज प्याला. दोन दिवस बायकोच्या हातचे पाणीही नको म्हणत होता.
माझ्या दोन अध्यायांनी प्याला नव्हता.
सौ.ला म्हटले, हा शिंपी नुसता तोंडाळ. ती चुलीपुढून वळलीसुद्धा नाही. "असेल तोंडाळ. पण आत जातो."

पौष शु. ८, शनि.
जेवण गेले नाही. तिचे बोलणे.
स्नान पुन्हा करता येते, सोवळे पुन्हा नेसता येते. हे मला कळत नाही असे नाही. भीती वाटते, हे इथे लिहून ठेवतो. मागच्या साथीत धाकटा भाऊ आतून हाका मारत होता तेव्हाही मी दारातच...
तरी तात्याचा राग कमी होत नाही. देवाने भीती वाटून देताना त्याला वगळले आणि त्याचा वाटाही माझ्या पदरात घातला.

पौष शु. ९, रवि.
तात्या आमच्या दारी. मला वाटले, आता हा मला शिकवणार. म्हणाला, "अण्णा, गोदूकाकूंचं काम आहे."
गोदूकाकू म्हणजे शेवटच्या झोपडीतली म्हातारी. मागे कोणी नाही, कानांनी पार गेलेली. परवापासून ताप, गाठ. औषध घेत नाही, मला जाऊ द्या म्हणते.
"माझं एक अक्षर त्यांना ऐकू येत नाही. मिश्या हलताना बघतात नि हसतात, तेवढंच. पोथी मागतात. कानाशी तोंड नेऊन वाचावी लागेल, अण्णा. दारातून नाही चालायचं."
मी म्हटले, "सोवळ्याचं आहे, तात्या."
"हां, ते आहेच. मला वाचता येत असतं ना, तर तुमच्याकडे आलोच नसतो. आठ दिवस जळतोय मी तुमच्यावर."
माझ्यावर!
विचारले, तुला भीती नाही वाटत?
"वाटते की. रोज सकाळी वाटतं, आज नको जायला. म्हणून तर इतकं बोलतो."
उद्या बघू, म्हटले.

पौष शु. १०, सोम.
शेवटच्या झोपडीपर्यंत गेलो, परत आलो. तात्याने पाहिले. काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. भांडता आले असते.

पौष शु. ११, मंगळ.
सकाळी गेलो. सोवळे घरीच ठेवले, रोजचे धोतर. दारात पाय अडला. तात्या उशाशी होता, तो फक्त सरकला. वाकून आत शिरलो. गोदूकाकूंच्या कानाशी तोंड नेले तेव्हा तापाची धग गालाला लागली. पहिल्या चार ओळी त्यांना ऐकू गेल्या नाहीत. मग ओरडूनच वाचले. दुसऱ्या अध्यायात त्यांनी माझे मनगट धरले. "थांबू नकोस रे."
मी थांबलो. "आधी औषध, काकू. मग पुढचं." तीनदा ओरडून सांगितले. घेतले. निम्मे सांडले.
बाहेर माणसे जमली होती. लोहाराची बायको म्हणाली, "बघा, तात्यांनी अण्णांनाही आत नेलं."
तात्यांनी! अजून झोंबते आहे.
ताप उतरलेला नाही. वैद्य काही नक्की सांगत नाहीत. स्नान करताना काखेत दोनदा चाचपून पाहिले.
दुपारच्या अध्यायाला तात्या लोहाराकडे गुंतला होता. वाट पाहिली नाही. एकटाच आत गेलो.