गणातलं नाव

मलकापूर, चैत्र १९६३

दादा,
सप्रेम जय भीम.

नागपूरला तुमच्या शेजारी उभं राहून मी देव सोडले. पण तमाशाचा खेळ गणपतीच्या गणानं सुरू होतो, म्हणून सहा वर्षं फडात गण लिहून गात राहिलो. हे तुमाला कवा सांगितलं न्हाई.

काल गणात गणपतीच्या जागी मी आपल्या आईचं, पारूबाईचं नाव घेतलं. जन्मभर देवळाच्या पायरीखाली उभी राहिली ती. ढोलकी जरा अडखळली, मग लय जोरात वाजली.

फडाचे मालक लालासाहेब म्हणाले, "उद्या गणपती घे, न्हाईतर गाठोडं बांध."

गाठोडं बांधूनच हे लिहितोय. पत्र टाकणार न्हाई, तुमच्यासमोर उभा राहून सांगीन. त्याआधी आज गणात पुन्हा आईचंच नाव घेतो.

तुमचा,
नाथाजी