वजनकाट्यापाशी चार मिनिटं

बेळ्ळंदूर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. उमाजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

बेळ्ळंदूरहून चामराजपेटला यायचं तर अर्धा दिवस रिंग रोडवरच जातो, आणि फोनवर तुम्हाला माझं एक अक्षर ऐकू येत नाही, म्हणून आपलं हे पत्रच बरं. चाळीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसून दादाचे कान गेले आणि आता गाड्या गप्प झाल्या, असं आई पुण्यात सगळ्यांना सांगत असते.

लॉरीमालकांना धूर न सोडणाऱ्या गाड्यांच्या नव्या नियमात बसवून देणं हे माझं कामच आहे. पण तुमच्यासाठी मी रविवारीसुद्धा बसते, हे लक्षात असू द्या. तीस तारखेच्या आत फॉर्म तुमच्या सहीनिशी गेला नाही तर आपल्या सहाही विजेच्या गाड्यांना डिसेंबरपासून शहरात प्रवेश नाही.

दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे, तुमकूर रोडवर डाबसपेटच्या अलीकडे जो बंद पडलेला वजनकाटा आहे, तिथे येताना प्रत्येक गाडी चार मिनिटं थांबते. का, ते ड्रायव्हर सांगत नाहीत. तो थांबा काढून टाकू या. दुसरी जास्त वाईट. या गाड्यांत सीटवर कुणी बसलं की त्या सीटचा लाल दिवा लागतो, पट्टा लावला नाही तर पीं पीं वाजतं, आणि सगळ्याची नोंद माझ्याकडे येते. काट्यापासून यार्डापर्यंत डावीकडच्या सीटवर रोज कुणीतरी बसलेलं दिसतं. मालाच्या गाडीतून प्रवासी नेले तर फॉर्म परत येईल. ड्रायव्हर लोकांना जरा रागवा.

तब्येत सांभाळा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

आपली भाची,
मैत्रेयी

चामराजपेट,
७ नोव्हेंबर

चि. मैत्रेयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अगदी तुझ्या आईचं, मुंग्यांची रांग. चष्मा पुसून पुसून वाचलं.

तू सांगितलंस म्हणून मी नऊ लॉऱ्या मोडीत दिल्या, कुरकुर केली नाही. आयुधपूजेला नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी सुरू झाली हे यार्डात कुणालाच कळलं नाही, नुसतं लिंबू फुटलेलं दिसलं. बाकीच्यांचे तर कान धड होते, तरी सगळे दचकले. मला बरं वाटलं, एक दिवस सगळेच माझ्यासारखे झाले.

पण काट्यापाशीचा थांबा निघणार नाही. मालक म्हणून एकतीस वर्षांत माझा तेवढाच एक हुकूम आहे. ड्रायव्हर लोकांना एक शब्द बोलू नकोस. ते कुणालाही बसवत नाहीत, याची खात्री मी देतो.

मला फक्त एवढं कळव. सीट मधली की खिडकीजवळची? सहाही गाड्यांत तसंच होतं का? आणि दिवा विझतो तो यार्डाच्या आत की बाहेर? स्वल्प नीट बघून लिही, घाई करू नकोस. मी इथे पोस्टमनची वाट बघत बसलो आहे.

तुझा मामा,
उमाजी

बेळ्ळंदूर,
१२ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची खात्री मला पुरेना, म्हणून काल स्वतः श्रीकांतच्या गाडीत बसून आले. मी मधल्या सीटवर, खिडकीजवळची रिकामी. काट्यापाशी श्रीकांतने गाडी थांबवली, उतरून डावीकडचं दार उघडलं आणि चार मिनिटांनी लावून घेतलं. कुणी चढलं नाही. मी डोळे फाडून बघत होते.

शंभरेक पावलं गेलो असू, तेवढ्यात खिडकीजवळच्या सीटचा लाल दिवा लागला आणि पीं पीं सुरू झालं. श्रीकांतने माझ्या पुढून हात नेऊन रिकाम्या सीटचा पट्टा लावला, वडीलधाऱ्या माणसाला लावावा तसा, हलक्या हाताने. आवाज थांबला. मी विचारल्यावर तो म्हणाला की कुणीतरी आहेत, अक्का, पट्टा लावला की गप्प बसतात. सगळ्याच गाड्यांत असं होतं आणि सगळेच पट्टा लावतात, हेही सांगितलं. मग त्याने विषय बदलून वाटेतल्या पीनिया नाक्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या.

मी हळूच गादीला हात लावला. ती दबलेली होती. मामा, मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पुढचा सगळा रस्ता मी श्रीकांतच्या बाजूला अंग चोरून बसले. यार्डाच्या फाटकातून आत आल्यावर बकल आपोआप सुटलं, दिवा विझला आणि गादी हळूहळू वर आली.

आईला फोन करून काट्याचं विचारलं, तर गॅसवर भात लागतोय म्हणून तिने फोन ठेवला. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. काय आहे हे सगळं? मला सांगा, नाहीतर मी फॉर्मवर काय लिहू?

माया असू द्या.

मैत्रेयी

चामराजपेट,
१६ नोव्हेंबर

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा धाकटा मामा आप्पाजी तू जन्मायच्या आधी मुंबईला निघून गेला, असं तुला सांगितलं आहे. ते खोटं आहे. तुझ्या आईवर रागावू नकोस, मीच तिला तसं सांगायला लावलं.

चौऱ्याण्णव साली आम्ही दोघं लॉरी घेऊन येत होतो. काट्यावर दोन टन माल जास्त भरला. आप्पाजी म्हणाला की माल उतरवू, ब्रेक धरणार नाहीत. मला घाई होती. तो ऐकेना तेव्हा मी म्हणालो की तूच उतर, तेवढंच वजन कमी होईल. तो उतरला. खिडकीशी येऊन म्हणाला की आता जन्मात तुझ्या शेजारी बसणार नाही. मी गाडी काढली. मागून आपलीच दुसरी लॉरी येत होती, तिच्यात येईल असं वाटलं. ती लॉरी काट्यापाशी चार मिनिटं थांबली. तिथे कुणीही उभं नव्हतं. पोलीस झाले, इस्पितळं झाली, पेपरात फोटो झाला. आप्पाजी सापडला नाही.

तेव्हापासून माझी एकही गाडी तिथे न थांबता आलेली नाही. जुन्या लॉऱ्यांना दिवा नव्हता, म्हणून मला कळलं नाही. पोरी, म्हणजे तो रोज घरी येत होता आणि मी तिथेच यार्डात खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला असायचो.

गुरुवारी मी श्रीकांतबरोबर जातो. मी मधे बसेन, खिडकी त्याला. आवाज मला ऐकू येणार नाही, पण दिवा दिसेल. एकदा माफी मागितली की तुझा फॉर्म आणि मी, दोघेही मोकळे.

काळजी नसावी, आठवण असावी.

तुझा मामा,
उमाजी

हॉटेल, वजनकाट्यासमोर,
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. मैत्रेयीस,
आशीर्वाद.

इथल्या हॉटेलचे मालक भीमाचार्य यांच्याकडून कागद मागून घेतला आहे. तेच हे पोस्टात टाकतील.

आम्ही थांबलो. श्रीकांतने दार उघडलं, लावलं, निघालो. शंभर पावलं झाली, दोनशे झाली. खिडकीजवळचा दिवा लागला नाही. मी गाडी मागे घ्यायला लावली, पुन्हा चार मिनिटं थांबलो, पुन्हा निघालो. नाहीच. एकतीस वर्षं तो सगळ्यांच्या शेजारी बसला, फक्त माझ्या नाही. आप्पाजी लहानपणापासून असाच, बोलला ते बोलला. मला फार वाईट वाटलं, पण गंमत म्हणजे त्याचा रागही ओळखीचा वाटला.

मग मी उतरलो आणि श्रीकांतला पुढे जायला सांगितलं. तो तयार नव्हता, त्याला ओरडलो. त्याच्या गाडीत दिवा लागला का, तेवढं बघून कळव. फॉर्मवर सही करून त्याच्याकडेच दिला आहे. थांब्याचं तू ठरव.

मागून शंभूराजची गाडी येते आहे, साडेपाचपर्यंत पोचेल. मी तिच्यात येतो. कॉफी संपली की काट्यापाशी जाऊन उभा राहीन.

उमाजी

चामराजपेट,
२६ नोव्हेंबर

ती. स्व. उमाजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. विचारलंत म्हणून आधी तेच लिहिते. चार बावन्नला तुम्ही उतरलात. गाडी हलली आणि चार त्रेपन्नला खिडकीजवळचा दिवा लागला. श्रीकांतने पट्टा लावला. आप्पाजीमामा आले.

पाच सत्तावीसला शंभूराजची गाडी काट्यापाशी थांबली. तो म्हणतो, तिथे कुणीही उभं नव्हतं. भीमाचार्यांनी तुम्हाला रस्ता ओलांडून काट्याकडे जाताना पाहिलं होतं, त्यानंतर कुणीच नाही. शंभूराज चारऐवजी चाळीस मिनिटं थांबला, हाका मारल्या, आसपास शोधलं. त्याच्या गाडीत त्या दिवशी एकही दिवा लागला नाही. पोलिसांत कळवलं आहे. मी आणि श्रीकांतने इस्पितळं पालथी घातली. तुमचा फोटो परवा पेपरात आला, निळ्या शर्टातला.

शुक्रवारपासून दोन दिवे लागतात. रोज, पहिल्या गाडीत, काट्यापासून शंभर पावलांवर. एक खिडकीजवळचा आणि एक मधला. मी सगळ्या नोंदी तीनतीनदा तपासल्या. काल गाडीत बसायचं धाडस झालं नाही, गाडीच्या मागोमाग रिक्षाने आले.

आई पुण्याहून आली आहे. संध्याकाळी यार्डाच्या फाटकाशी उभी असते. गाडी आत येते, आधी एक बकल सुटतं, मग दुसरं. आई पुढे होते. दोन पेल्यांत कॉफी ओतून तुमच्या खुर्चीपाशी ठेवते. पहिल्या दिवशी तिला थांबवावंसं वाटलं होतं. आता दूध मी आणून ठेवते.

फॉर्म काल गेला. थांबा ठेवला आहे, चार मिनिटं. कारणाच्या रकान्यात 'मालकाचा हुकूम' लिहिलं. खरं-खोटं काय ते माझ्या माथी.

हे पत्र श्रीकांतकडे देते आहे, तो मधल्या सीटवर ठेवील. शोध मी सोडलेला नाही. पण तुम्ही शेजारी बसला असाल तर आप्पाजीमामांना माझा नमस्कार सांगा. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

दोघांचाही लोभ असू द्या.

तुमची भाची,
मैत्रेयी